गच्चीवरचं पान

(असोदा. मे महिन्याची दुपार. गच्चीवर पाण्यानं भरलेलं काचेचं उथळ तबक, त्यात पाटीएवढं काळं पान. शेजारी रेघा आखलेली, उभी, पोकळ काचेची कांडी. खाली दाराशी निंबाचा टेम्पो.)

धुरपदाबाई : पन आजच कायले खोलते? उद्या सकायी ने ना. ऊन तरी कमी असतं.

मृणाली : टेम्पो आजचाच ठरलाय, अक्का. धुळ्याहून आलाय तो. प्रोजेक्ट संपला. महिना संपायच्या आत सगळं सामान कॉलेजात जमा करायचंय.

धुरपदाबाई : तीन वर्सं माह्या डोक्यावर व्हतं, अन् एका दुपारात चाललं.

मृणाली : हो.

धुरपदाबाई : दीपकले सांग, काकू म्हनते अजून एक उन्हाया राहू दे. तुमचा सर असंन तो कॉलेजात, माहा पुतन्या हाये. मी काही भाडं मागते का?

मृणाली : सरांच्या हातात राहिलं नाही. पैसेच यायचे थांबले. आमच्या लॅबमधलं अर्धं टेबलसुद्धा दुसऱ्यांना गेलं. सरांनी वर पत्रं लिहिली, पण काही झालं नाही.

धुरपदाबाई : त्याले भांडता येत नाही. लहानपनापासून असाच हाये.

निंबा : ताई, खालचं बठ्ठं सामान मी गाडीमा ठेवं. आते वरलं लेऊ का?

मृणाली : जरा थांबा, निंबाभाऊ. पान पाण्यातून काढायचंय अजून.

निंबा : कसानं पान? माले तं काळी पाटी दिसस.

मृणाली : झाडाचं पान उन्हात जे करतं ना, ते ह्या पाटीनं करावं अशी आमची खटपट. ऊन पडलं की पाणी फोडायचं आणि त्यातला हायड्रोजन वेगळा काढायचा. तो त्या उभ्या कांडीत जमतो. जाळला तर धूर नाही, राख नाही, परत पाणीच होतं त्याचं. ऊन साठवून ठेवल्यासारखं.

निंबा : मंग त्यावर मना टेम्पो चाली का?

मृणाली : ह्या एकटीवर कपभर चहासुद्धा होत नाही, भाऊ. अशा पाट्या शेतभर मांडाव्या लागतील. आणि आधी त्या उन्हात टिकायला हव्यात. उन्हावरच चालायचं आणि उन्हानंच खराब व्हायचं, तिथं सगळं घोडं अडलंय.

निंबा : माले काही समजस नही. मी खाले सावलीमा बठस. झालं की हाक मारा.

धुरपदाबाई : त्याले मठ्ठा दे खालून. मटक्यावर झाकून ठेवेल हाये. अन् तू बी चल. रस काढेल हाये, पोया गरम करते. जेवन कर, मग खोल काय खोलायचं ते.

मृणाली : आधी शेवटची नोंद घेऊ द्या. एकदा पाणी सोडलं की संपलं.

धुरपदाबाई : नोंद मी देते ना रोज. काल दिली.

मृणाली : आजची मी घेते. शेवटची आपल्या हातानं घ्यावी असं वाटलं, बाकी काही नाही.

धुरपदाबाई : कांडीतली हवा मी सकायीच सोडेल हाये. त्यात काही नसंन आता.

मृणाली : सकाळी सोडली तरी आता दुपार झाली. मे महिन्याचं ऊन आहे, एव्हाना अर्ध्यावर तरी यायला हवी. सरका जरा.

धुरपदाबाई : मृणाल, चटके बसतील. चप्पल घाल.

मृणाली : अक्का, हिच्यात काहीच नाही.

धुरपदाबाई : मी म्हनलं ना.

मृणाली : नाही, म्हणजे बुडबुडेसुद्धा नाहीत पानावर. हे बघा. एवढ्या उन्हात सोड्यात साखर टाकल्यासारखे बुडबुडे दिसायला हवेत. कॉक घट्ट आहे. नळी कुठं सुटलेली नाही. पाणी बरोबर आहे. कालच बिघडलं का हे? काल तुम्ही किती सांगितलं होतं?

धुरपदाबाई : काल ना. चांगलं व्हतं काल.

मृणाली : अठ्ठावीस रेघा सांगितल्या होत्या.

धुरपदाबाई : असंन.

मृणाली : असंन म्हणजे?

धुरपदाबाई : म्हनजे सांगितलं असंन मी तितकं.

मृणाली : आणि कांडीत किती होतं?

धुरपदाबाई : तू पयले सावलीत ये.

मृणाली : अक्का, कांडीत किती होतं काल?

धुरपदाबाई : काही नव्हतं.

मृणाली : परवा?

धुरपदाबाई : परवा बी नव्हतं. आता नाही येत त्यात काही. दिवायीपासून तर एक रेघ बी धड नाही आली.

मृणाली : दिवाळीपासून.

धुरपदाबाई : बस अठी. टाकीच्या सावलीत बस. पानी पी. तुह्या तोंडावरचा रंग गेला.

मृणाली : तुम्ही मला रोज फोनवर सांगत होता. रोज सहा वाजता. सत्तावीस, अठ्ठावीस, एकदा तीस.

धुरपदाबाई : हव.

मृणाली : आणि ते सगळं मनातलं.

धुरपदाबाई : मनातलं नाही गं. सुरुवातीले खरं व्हतं. मग उतरू लागलं, तव्हा मी आदल्या दिवशीचं सांगे. मग त्याच्या आदल्या दिवशीचं. एकदम नाही केलं मी काही.

मृणाली : कधीपासून? नीट आठवून सांगा. नाना होते तेव्हा? तेव्हा तर नोंद तेच द्यायचे.

धुरपदाबाई : नाही, नाही. माह्या मालकांवर नोको घालू. ते चश्मा लावून पाहेत, अन् जे दिसे तेच सांगेत. दर आठवड्याले उतरे, तरी सांगेत. तू फोनवर गप व्हये, अन् मग ते मले म्हनेत, पोरीचं कठीन हाये.

मृणाली : नाना गेले ते गेल्याच्या आदल्या मार्गशीर्षात. त्यांचं तेरावं झाल्यावर मी आले होते.

धुरपदाबाई : आली व्हती. केयीच्या वेफरचा पुडा घेऊन आली व्हती, अन् जुनं पान काढून हे नवीन बसवलं.

मृणाली : नवा लेप होता ह्याच्यावर. तो जमवायला मला वर्ष लागलं होतं. आणि त्याच दिवशी मी तुम्हाला म्हटलं, अक्का, आता नोंद तुम्ही द्याल का.

धुरपदाबाई : मी हव म्हनली. घरात तेव्हढंच एक काम व्हतं ज्याची कोनी वाट पाहे.

मृणाली : म्हणजे नानांच्या हातचे आकडे रोज उतरत होते. तुमच्या हातात आले आणि उतरायचे थांबले. आणि मी मात्र लिहिलं, की लेपामुळे थांबले.

धुरपदाबाई : मले काय माहीत तू कुठी काय लिहिते.

मृणाली : कसं माहीत असणार. पान ज्या दिवशी बदललं, नोंद घेणारं माणूसही त्याच दिवशी बदललं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सरांच्या यायला हवं होतं. नोंद घेणारं यंत्र असतं तर झालं नसतं. ते पहिल्याच उन्हाळ्यात जळलं, दुसरं घ्यायला पैसे नाहीत म्हणून फोन.

धुरपदाबाई : पयले दोन-अडीच महिने खरंच चांगलं व्हतं गं. बुडबुडे इतके, की मी शेजारच्या भिकुबाईले वर बोलावून दाखवले. मग मागच्या वर्सीची होयी झाली, ऊन तापलं, अन् ते बसलं.

मृणाली : होळीच्या आधी की नंतर?

धुरपदाबाई : नंतर. किती दिवसांनी ते नाही आठवत. खोटं नाही सांगनार आता.

मृणाली : बरं.

धुरपदाबाई : रागावली?

मृणाली : नाही. राग यायला अंगात काहीतरी लागतं. मी सकाळी पाचला उठले आहे, अक्का. मला फक्त समजून घ्यायचंय. का केलंत असं?

धुरपदाबाई : सांगते. हे बसलं ना, तव्हा दोन-तीन दिवस मी खरंच सांगितलं. वीस. मग सतरा. तू तिकून काही बोलली नाही. मी समजली फोन कटला. मग ऐकू आलं. तू नाक ओढी राहिली व्हती.

मृणाली : आठवत नाही मला.

धुरपदाबाई : मले आठवतं. दुसऱ्या दिवशी मी आधीच्या आठवड्याचं पंचवीस सांगितलं. तू हसली. अन् मग म्हने, अक्का, आज आभाय कसं व्हतं? वारा होता का? तुम्ही काय जेवल्या? इतकं बोलली. मले वाटलं, हिले धीर पायजे हाये. धीर दिला. आकड्याचं काय करशीन तू, ते मी पाह्यलंच नाही.

मृणाली : आकड्याचं मी काय केलं, सांगू? लेख लिहिला. परदेशात छापून आला. त्यात तुमच्या गावाचं नाव आहे. खानदेशच्या उन्हाळ्यात टिकणारा लेप, असं लिहिलंय त्यात. पुढच्या आठवड्यात माझी शेवटची तोंडी परीक्षा आहे, बाहेरून दोन सर येणार आहेत, ते त्या लेखावरच प्रश्न विचारणार. बाबांनी दारावरची पाटी करायला टाकली. डॉक्टर मृणाली देवचंद बैसाणे.

धुरपदाबाई : मग होऊ दे ना ते.

मृणाली : काय होऊ दे?

धुरपदाबाई : परीक्षा. पाटी. कोनाले काय कयतं? मी अन् तू. मी मरेपर्यंत नाही बोलनार. हे काढून घेऊन जा, भंगारात टाका. झालं.

मृणाली : पुण्यात स्नेहल म्हणून एक मुलगी आहे.

धुरपदाबाई : कोन?

मृणाली : मी तिला पाहिलेलं नाही. माझ्यासारखीच आहे, एका लॅबमध्ये काम करते. तिनं माझा लेख वाचला आणि तसाच लेप करायला घेतला. सहा महिने झाले. तिचं पान आठ-पंधरा दिवस चालतं आणि बसतं. परत करते, परत बसतं. मला फोन करते. ताई, माझ्या हाताचं काय चुकतंय, विचारते. मागच्या फोनला मी तिला म्हटलं, तुझं पाणी शुद्ध नसेल.

धुरपदाबाई : अन् मग?

मृणाली : तिनं पाणी बदललं. भांडी बदलली. तिचे सर तिला म्हणाले, धुळ्याच्या एका कॉलेजात जमतं ते तुला इथं जमत नाही. ते सांगताना ती हसत होती, तसलं हसू मला कळतं. आता तिला सोडून द्यायचंय सगळं. शाळेत शिकवायला जाते म्हणते.

धुरपदाबाई : माय गं.

मृणाली : तुम्ही मला धीर दिला. तो तिकडून कुणाचा तरी गेला.

धुरपदाबाई : मले काय ठाऊक गं असं असतं. मले वाटलं, तू अन् मी.

मृणाली : मला तरी कुठं वाटलं. आणि सगळं तुमच्यावर कशाला टाकू? दिवाळीपर्यंत महिन्यातून एकदा मी स्वतः येत होते ना? मी आले की कांडी कमी भरायची. दर वेळी. तुम्ही म्हणायच्या, आज धूळ उडाली, आज ढग होते. आणि मी लिहायचे, धूळ. वर आभाळ निळं असायचं, अक्का. मला दिसत होतं.

धुरपदाबाई : मग बोलली का नाही?

मृणाली : मला तुमचेच आकडे हवे होते.

निंबा : ताई, ऊन ढळी ऱ्हायनं. धुळाले पोहचता पोहचता अंधार व्हई जाई. उतराडू का?

मृणाली : थोडं थांबा, भाऊ. एक फोन करते.

धुरपदाबाई : दीपकले करते?

मृणाली : त्यांना नंतर. आधी तिला.

धुरपदाबाई : मृणाल, एक दिवस थांब. झोप काढ. मग कर.

मृणाली : झोपून उठले तर नाही करणार मी. हॅलो, स्नेहल? मृणाली बोलतेय, धुळ्याहून. म्हणजे आत्ता असोद्याला आहे, साइटवर. हो, काढायलाच आलेय. ऐक. तू काय करतेस आत्ता? पान पाण्यात आहे का? थांबव ते. नाही, तुझं काही चुकलेलं नाही. ऐक ना. आमचं पण टिकलं नाही. होळीनंतर बसलं. मागच्या वर्षीच. आमची नोंद चुकीची होती. चुकीची म्हणजे, आकडे खरे नव्हते. मी तपासायला हवे होते, मी तपासले नाहीत. हो. लेखातले सगळे. लेप लावल्यानंतरचे सगळे. हॅलो? आहेस का? बरं. रड. मी थांबते.

धुरपदाबाई : रडते का ती?

मृणाली : हळू बोला. हो स्नेहल, आहे मी. तुझी पंधरा दिवसांची नोंद मला पाठव. ती खरी आहे. लेपाची खरी नोंद म्हणून तेवढीच राहिली आता. हो, लेख मागे घेऊ. सरांना आता सांगते. तुझ्या सरांना तू सांग, किंवा माझा नंबर दे, मी सांगीन. ठेवते.

धुरपदाबाई : काय म्हने ती?

मृणाली : म्हणाली, मला वाटायला लागलं होतं मलाच काही येत नाही. दोन-तीनदा तेच म्हणाली. मला शिव्या द्यायला हव्या होत्या तिनं. थँक्यू म्हणाली.

धुरपदाबाई : अन् तुह्या परीक्षेचं?

मृणाली : पुढं जाईल. लेपाचं सगळं काढून टाकावं लागेल. नानांच्या वेळचं तेवढं उरतं. त्यात जुनं पान कसं मरतं एवढंच आहे. त्यावर परत लिहायचं. वर्ष जाईल, दोन जातील. फेलोशिप संपलीय. बघू, कुठं शिकवायला मिळतं का.

धुरपदाबाई : मी दीपकशी बोलू? मी सांगते त्याले, चूक माही हाये म्हना. काकूचं ऐकंन तो.

मृणाली : काही नका सांगू. ते ओरडणार नाहीत. ऐकून घेतील. मग चष्मा पुसतील.

धुरपदाबाई : माह्यामुये झालं हे.

मृणाली : अक्का, एक विचारू? नुसता धीर द्यायला सव्वा वर्ष? मी काही रोज रडत नव्हते.

धुरपदाबाई : नव्हती.

मृणाली : मग?

धुरपदाबाई : काही येत नाही असं सांगितलं असतं, तर तुम्ही उचलून नेलं असतं ना हे.

मृणाली : नेलं असतं.

धुरपदाबाई : मग सहाले फोन कोनाचा आला असता?

मृणाली : मुलाचा येतो ना, चंदनचा, सुरतहून.

धुरपदाबाई : रविवारी येतो. सूनबाई मयुरी बोलते, गोया घेतल्या का विचारते, चंदनले देते, तो म्हनतो, बाकी ठीक ना? मी म्हनते ठीक. चांगली हायेत दोघं, काही वाईट नाहीत. पन तू विचारे, आज आभाय कसं व्हतं. मी दिवसभर आभाय पाहे मग. नीट सांगता आलं पायजे म्हनून.

मृणाली : ते खरं सांगायचात?

धुरपदाबाई : आभायाचं कधी खोटं नाही सांगितलं. तू आली असली तव्हा सोडून.

मृणाली : बरं.

धुरपदाबाई : तू पयल्यांदा आली तव्हा मी तुले आडनाव विचारलं व्हतं. आठवतं?

मृणाली : आठवतं.

धुरपदाबाई : तू सांगितलं. अन् मी काही बोलायच्या आत म्हने, अक्का, माझी पाण्याची बाटली आहे. मी ग्लास घेऊन उभी व्हती. मले ते लय दिवस लागलं.

मृणाली : मला सवय आहे त्याची. आधीच सांगून टाकलं की पुढचं सोपं जातं.

धुरपदाबाई : मले सवय नव्हती. कोनी माह्या दारात मले आधीच वयखून बसावं, याची. म्हनून मग तुह्याशी जास्त बोलू लागली. मग बोलायची गोडी लागली. मग हे.

मृणाली : रस द्या, अक्का. भूक लागलीय.

धुरपदाबाई : पोया आनते. अठीच आनू का खाली येते?

मृणाली : खाली येते. आधी हे काढून घेऊ. तुम्ही तबकाची ती बाजू धरा. पाणी मोरीकडे सोडायचं. हळू. आता पान मी उचलते.

धुरपदाबाई : हे काय, वरून सालपट निघालं त्याचं.

मृणाली : लेप आहे तो. ऊन तापलं की लेप आणि खालची पाटी सारखी वाढत नसणार. मग चीर, चिरेत पाणी, मग पापुद्रा. असं असावं. लॅबमधल्या दिव्याखाली हे कधी झालं नाही. इथली फरशी एवढी तापते ना.

धुरपदाबाई : फेकू का ते सालपट?

मृणाली : नको, नको. ते पण न्यायचं. डबी आहे का एखादी? स्टीलची नको, काचेची किंवा प्लास्टिकची.

धुरपदाबाई : बडीशोपची हाये. धुऊन देते.

मृणाली : द्या.

निंबा : ताई, आते येऊ का?

मृणाली : या, भाऊ. जेवायला पण या. अक्का पोळ्या टाकतायत.

* * *

निंबा : पारोळा उनं, ताई. चहा लेवूत का?

मृणाली : तुम्ही घ्या. मी बसते गाडीतच.

निंबा : तुम्ही मांडीवर काय धरी बठल्यात? ठेवा ना मागे, बठ्ठं सामान शे तठे.

मृणाली : पान आहे. मागं आदळेल.

निंबा : ते तं मरनं ना? मोठी माय जेवाडतांना सांगे माले.

मृणाली : मेलं. कशानं मेलं ते बघायचंय.

निंबा : मंग दुसरं करशात?

मृणाली : करायचं तर आहे. कुठं, कशावर, ते माहीत नाही.

निंबा : साहेब काय बोलनात? मघाशी तुम्ही तेस्ले फोन करा व्हता ना.

मृणाली : आधी सगळं परत विचारलं. मग म्हणाले, पत्र दोघांच्या नावानं जाईल, तू एकटी सही करायची नाहीस. आणि म्हणाले, काकूला काही बोललीस का.

निंबा : बोलन्यात का?

मृणाली : नाही.

निंबा : चांगलं करं. मनी माय बी आशीच व्हती. घरमा पीठ नसे, तरी पाहुनाले सांगे, बठ्ठं शे. तुमना फोन वाजी ऱ्हायना, ताई.

मृणाली : हो. हॅलो. बोला, अक्का.

धुरपदाबाई : कुठी पोचले?

मृणाली : पारोळ्याला. निंबाभाऊ चहा घेतायत.

धुरपदाबाई : मी गच्चीवर आली. वर आल्यावर आठवलं, अठी आता काही नाही. गुडघे दुखवले उगीच.

मृणाली : बसा मग थोडा वेळ. लगेच उतरू नका.

धुरपदाबाई : बसली. मृणाल, मघाशी एक सांगायचं राहिलं. नाना जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी एक आकडा चुकीचा सांगितला असं मले वाटतं. त्यांले दिसत नव्हतं तव्हा नीट. तो बी काढून टाक.

मृणाली : टाकते. कुठल्या दिवसाचा?

धुरपदाबाई : ते नाही आठवत.

मृणाली : मग तो आठवडाच काढते.

धुरपदाबाई : काढ. जास्त नुकसान होईन का?

मृणाली : होईल थोडं. चालेल.

धुरपदाबाई : बरं. ठेवू?

मृणाली : अक्का, आभाळ कसं आहे तिकडं?

धुरपदाबाई : थांब, पाहून सांगते.